लढाईआप्पांचं लेकुरवाळं हळकुंड

पायाखाली मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघत चालणारा माणूस रोज सकाळी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शन घेऊन आला की लढाई मांडून बसायचा. माझ्या माहेरी हे सांगितलं तर मला वेड्यात काढायचे. सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं हळदीचं दुकान होतं, आणि सारी पेठ त्यांना लढाईआप्पा म्हणायची.

माझ्या अंगावरची हळद उतरते न उतरते तोच आमचे हे, गल्लीचे तात्या, पलटणीबरोबर इटलीला गेले. ती इटली मी पहिल्यांदा पाहिली आप्पांच्या दुकानात, फरशीवर खडूनं काढलेली. इंग्रज म्हणजे हळकुंडं, जर्मन म्हणजे सुपाऱ्या. इटलीवाल्यांच्या खारका होत्या, "लगेच मऊ पडत्यात" म्हणून. मराठा पलटणीसाठी मात्र त्यांनी पोत्यातून हुडकून लेकुरवाळं हळकुंड काढलं होतं, ज्याला पोटाशी लहान लहान कोंब असतात, लग्नात पूजेला लागतं ते. "पोरं आईजवळ ऱ्हात्यात बघ," ते म्हणायचे.

डोंगर गुळाचे केले होते. मग काय, मुंग्या आल्या! आप्पांनी दोन्ही फौजा जागच्या जागी थांबवल्या. "मुंग्यांशी तह," म्हणाले, आणि मोरपिसानं एकेक मुंगी बाजूला करत बसले. गिऱ्हाईक ताटकळलं, त्यांच्या बायको, आक्का, आतून ओरडल्या, पण मुंग्या जाईपर्यंत इटलीत गोळी सुटली नाही. जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यामुळे सैन्यालाही तेव्हाच सुट्टी.

गप्पांवर त्यांचा भरवसा नसे. "बातमी म्हंजे कच्ची हळद. शिजवून वाळवल्याबिगर बाजारात आणायची न्हाई," असं म्हणत. पेपर वाचायचे, मिरज स्टेशनावर परतणाऱ्या शिपायांना गाठून चहा पाजायचे, आणि मगच हळकुंड बोटभर सरकवायचे. माझ्या सासूबाई, आत्याबाई, मला रोज काहीतरी निमित्तानं तिकडे पाठवायच्या. हळकुंड दिसलं की मी घरी येऊन सांगायची, "हाय जाग्यावर." मग त्या चूल पेटवायच्या.

एक दिवस गेले तर हळकुंड नाही. सगळी इटली जागच्या जागी, आमचीच जागा रिकामी! आप्पा कपाटाखाली डोकं घालून घरंगळलेली सुपारी शोधत होते.

"आप्पा, आमची पलटण?"

"उचलली," कपाटाखालून आवाज आला. "कालच उचलली."

आमच्याकडे माणूस कधी उचलतात, हे सांगायला नको. घरी कशी पोचले ते आठवत नाही. आत्याबाईंनी माझं तोंड बघितलं आणि ऊर बडवून घेतला. गल्ली गोळा झाली. तार नाही, सरकारी माणूस नाही, एका शब्दावर! गल्लीतल्या एका म्हातारीनं माझा डावा हात उंबऱ्यावर धरला आणि दगडानं बांगड्या फोडल्या. मी नुसती बघत होते. हात माझा आहे असंच वाटत नव्हतं.

उजवा हात धरला एवढ्यात आप्पा धावत आले. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही, मुठीत ते हळकुंड.

"आवं, काय करताय ह्ये! उचलली म्हंजे मागं आणली, इसाव्याला! शिपाई कालच सांगून गेला. तात्या खुशाल हाय!"

आत्याबाई किंचाळल्या, "मग तसं बोलायचं हुतं की, मुडद्या!"

आप्पांनी उंबऱ्यावरच्या काचा बघितल्या आणि मटकन खाली बसले. "जल्मात मुंगी मारली न्हाई म्या," ते म्हणाले, "आन आज जितं माणूस मारलं." एवढा थोर माणूस हमसून हमसून रडला. माझं रडू तेव्हा कुठं फुटलं.

त्याच दिवशी त्यांनी ओल्या फडक्यानं इटली पुसली. हळकुंड आत्याबाईंच्या ओंजळीत ठेवलं. "ही पलटण आता तुमी सांबाळा." ते आमच्या देव्हाऱ्यात गेलं. आणि दुकानातून तो एक शब्दच हद्दपार झाला. हमालांनासुद्धा ते "पोतं घ्या" म्हणायचे. नवा हमाल हसायचा, जुना त्याला गप्प करायचा.

हे परत आले, पाय जरा ओढत, पण आले. आप्पांनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला. सगळ्या जगाची लढाई विचारणाऱ्या त्या माणसानं ह्यांना मात्र काही विचारलं नाही. दोघं पायरीवर नुसते बसायचे.

पुढे आप्पा गेले. दारात तिरडी बांधून झाली. खांदेकऱ्यांत हे पुढं उभे होते. कुणीतरी घाईनं म्हणालं, "चला, उचला आता."

जुने हमाल जागचे हलले नाहीत. ह्यांनी मागं वळून बघितलं.

"उचला न्हाई," म्हणाले, "घ्या म्हणा."

मग चौघांनी आप्पांना खांद्यावर घेतलं.