सत्त्याहत्तर सालच्या भिंती

आमच्या दुकानाचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. पण लग्नात म्हणा, मयतीत म्हणा, कुठंही जुना पेंटर भेटला की एक निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा. आणि बहुतेक सगळे सत्त्याहत्तरचेच! निवडणूक, नाटक, क्रिकेट, त्या वर्षी देशात जे झालं ते आमच्या सदरमधल्या दुकानाच्या पाटीवर नाही तर भिंतीवर आलंच.

दुकानात आम्ही चौघं. मालक म्हणजे मास्तर. म्हातारे रज्जाकभाई, ज्यांचा हात सगळ्यांत सफाईदार. सुखदेव, माझ्याच वयाचा. आणि मी.

*

निवडणुकीत दोन्ही बाजूंचं काम आमच्याकडेच आलं. मास्तरांनी नाही कुणालाच म्हटलं नाही. एका उमेदवाराचं नाव रज्जाकभाई लिहायचे, त्याच्या विरोधकाचं सुखदेव. जरीपटका वस्तीत समोरासमोरच्या भिंती, पण शिडी एकच. एकानं ओळ संपवली की शिडी रस्ता ओलांडायची.

एक दिवस सुखदेवच्या बाजूचा कार्यकर्ता तावातावानं दुकानात आला. समोरच्याचं नाव एवढं मोठं आणि आमचं एवढंसं, हा काय प्रकार आहे, म्हणाला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "त्याहिची भिंत मोठी हाये. तुमी बी मोठी पाहा न गा."

*

रज्जाकभाईंचा उमेदवार पडला. योगायोग असा, की पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी एका पतपेढीच्या आणि एका शाळेच्या कमिटीच्या निवडणुकीतली नावं रंगवली. तेही पडले. गावभर झालं की रज्जाकभाईंनी लिहिलं की माणूस पडतो. बिचारे फार नाराज झाले. ब्रश बाजूला ठेवून बसून राहायचे.

मग बाजाराच्या व्यापारी मंडळाची निवडणूक आली. एक शेठ दुकानात आले, इकडंतिकडं पाहिलं आणि मास्तरांच्या कानाशी लागले. त्यांचं नाव सुखदेवनं लिहायचं होतं. "और सामनेवाले का रज्जाकभाई से लिखवा दो. रंग मेरी तरफ से."

*

पावसाळ्यात नाटकवाले आले. नवं नाटक, स्पर्धेत जाणारं. दिग्दर्शक दाढीवाला, कॉलेजात शिकवणारा. त्याला मागचा पडदा असा पाहिजे होता की बघताच माणसाची घुसमट दिसावी.

रज्जाकभाईंनी आठ दिवस खपून पडदा केला. काळं आभाळ, वाळलेलं झाड, उडणारं एक पाखरू. दिग्दर्शकानं मान हलवली. यात वेदना नाही, म्हणाला. तेवढ्यात त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं खिळ्यांना जुनं, भिंतभर तरटाचं कापड टांगलं होतं. सात-आठ वर्षं आम्ही सगळे त्याला ब्रश पुसत होतो. तो पुढं झाला, मागं झाला, चष्मा काढला, परत लावला.

"हेच," म्हणाला.

कापड गेलं. नेपथ्याचं पहिलं बक्षीस आलं. सर्टिफिकेटावर रज्जाकभाईंचं नाव होतं. त्यानंतर रज्जाकभाई ब्रश पुसतानाही आधी थोडा विचार करायचे.

*

दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून लोक येतात. सुखदेव दरवर्षी सुट्टी टाकून तिथल्या पाट्या लिहायचा. पैसे घ्यायचा नाही, आणि त्या तीन दिवसांत मास्तर त्याला रंगाचे पैसेही विचारायचे नाहीत.

त्या वर्षी त्यानं 'पिण्याचे पाणी' असं सुंदर लिहिलं आणि आईला दाखवायला आणलं. आई म्हणाली, एवढ्या दुरून पायी येणाऱ्या बाया हे कुठून वाचतीन? चित्र काढ. सुखदेवनं अक्षरं पुसली आणि मोठा पेला काढला, वरून पडणारी धार काढली. कुणीही समजावं असं.

आईनं पाहिलं. चांगलं आहे म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खाली अक्षर बी लिहून दे रे. पुढच्या साली वाचीन मी."

*

थंडीत आपली टीम ऑस्ट्रेलियात खेळत होती. कॉमेंटरी सकाळी. मास्तरांनी दुकानाबाहेर काळा पत्रा टांगला आणि ट्रान्झिस्टर ऐकून त्यावर खडूनं स्कोअर लिहू लागले. ऑफिसला जाणारे सायकली टेकवून उभे राहायचे.

एकदा ऐन रंगात सेल संपले. सुखदेव सेल आणायला धावला. बाहेर पन्नास माणसं उभी. मास्तरांना त्यांचा हिरमोड बघवेना. त्यांनी खडू उचलला आणि एक-एक, दोन-दोन धावा वाढवत राहिले. चौकार मात्र एकही दिला नाही, तेवढी लाज ठेवली. चाळीस मिनिटं आपली जोडी टिकून होती.

सेल आले. ट्रान्झिस्टर लागला. दोघंही केव्हाच बाद झाले होते. मास्तरांनी मान खाली घालून पत्रा पुसला, खरं ते लिहिलं. शेवटी एक बँकेतले कारकून सायकलवर बसता बसता म्हणाले, "सेल काढून टाका गा मास्तर. तुमच्या इथं चांगले खेळून राहिले होते."

*

आता हा खरं तर मार्चमधला, पण मी नेहमी शेवटी सांगतो.

आणीबाणीत सरकारी घोषणा लिहायचं काम आमच्याकडे होतं. सदरच्या मागच्या गल्लीत एका रिटायर्ड गुरुजींची कंपाउंडची भिंत होती. तिच्यावर मी लाल ऑइलपेंटनं दोन फुटी अक्षरांत लिहिलं होतं : कमी बोला, काम जास्त करा. तेव्हा गुरुजी बाहेर आले होते. माझी भिंत आहे, मला विचारलं नाही, असं काहीसं म्हणाले. सोबतच्या साहेबांनी त्यांना आत जायला सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि आत गेले. मी लिहीत राहिलो.

निकाल लागले आणि आठवड्यात गुरुजींचा निरोप आला, भिंत पुसून द्या. मास्तरांनी मलाच पाठवलं. वाटलं, म्हातारा ओळखेल. त्यांनी ओळखलंच. खुर्ची टाकून समोर बसले.

मी चुन्याचा एक हात मारला. वाळला की लाल वर आलं. दुसरा मारला, तरी अक्षरं दिसत होती. तिसऱ्या हाताला फिकी झाली. गुरुजी तसेच बसलेले. शिडीवरून उतरलो आणि म्हटलं, गुरुजी, त्या दिवशी मी चुकलो.

"हो," ते म्हणाले. "'कमी'तला 'मी' दीर्घ असतो. तुम्ही ऱ्हस्व काढला होता. येता-जाता रोज दिसायचा. पण तेव्हा सांगायची सोय नव्हती."