हात मागे

जपानी सरांकडे मदत मागायला गेलं, की ते आधी आपले दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग तोंडभर हसून विचारायचे, "तू काय करून पाहिलंस?"

सर मूळचे चिपळूणचे. तरुणपणी गणित शिकवायला जपानला गेले आणि तिथल्या एका शिक्षकमित्राच्या जोडीने आसपासच्या शाळांत बालवीर पथकं सुरू केली. पुढे दुबईत ऊद मेथा भागातल्या शाळेत आले, तेव्हा आडनाव मागे पडलं आणि 'जपानी' तेवढं चिकटलं. ते सांगायचे, "पथकाचा नायक कोण होणार विचारलं, तर सगळी मुलं खाली बघत बसली. मला राहवेना. मी बोलणार, तेवढ्यात मित्राने माझे हात धरून पाठीमागे नेले. म्हणाला, थांब. बऱ्याच वेळाने एक मुलगी उठली. त्या दिवशी मी शिक्षक झालो."

मला हे पचणं कठीण. अल बर्शातल्या ऑफिसात दिवसभर 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, आटपा' ऐकणारा मी. उशीर नको म्हणून लेकीच्या, ईराच्या, बुटाची नाडीही मीच बांधायचो. सरांच्या इथल्या पथकाच्या वाळवंटातल्या कॅम्पला ईराच्या तंबूने पुन्हा लोळण घेतली, तसा मी धावलो. सर आडवे आले. "पालक, हात मागे." भयंकर राग आला मला. तंबू अखेर उभा राहिला, जरासा वाकडा. ईरा त्याच्या दारात ऐटीत बसली आणि मला आत येऊ देईना.

यंदा सरांची नोकरी संपली, व्हिसाही. काकू केव्हाच गेलेल्या, मूलबाळ नाही, त्यात हात कापायला लागलेले. चिपळूणला एकटे कसे राहणार, याच काळजीत आम्ही सगळे. कुणी सोबत ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "आधी मला करून तर पाहू दे."

विमानतळावर त्यांच्या खोक्याची दोरी सुटली. सर खाली बसले. ज्या बोटांनी इतक्या मुलांना गाठी शिकवल्या, त्यांतून दोरी सारखी निसटत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, जल्दी खलास करो." मी वाकलो. ईराने माझा शर्ट ओढला.

"बाबा, डोन्ट. ही विल डू इट."

तिचे डोळे भरले होते, पण हात पाठीमागे घट्ट बांधलेले. सरांनी वर पाहिलं, तिच्याकडे बघून हसले आणि पुन्हा दोरीला लागले. रांग खोळंबली. गाठ बसली.

सर खोकं ढकलत आत गेले. माझेही हात पाठीमागेच होते. निरोपाचा हात हलवायचा राहूनच गेला.