उमरेड येईपर्यंत

हरतालिकेच्या दिवशी दम्याचा पंप ओढला तर निर्जळी उपास मोडतो, हा शोध मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी लावला. कुठल्या पोथीत वाचला नव्हता, कुणा गुरुजींनी सांगितला नव्हता. माझ्याच डोक्यातून निघाला होता, आणि त्या डोक्यात तेव्हा बाकी काही नसल्यामुळे त्याला वाढायला जागाही ऐसपैस मिळाली. नातवंडं विचारतात, "आजी, तू लहानपणी बावळट होतीस का गं?" मी सांगते, बाळांनो, लहानपणी चांगली होते, दोन लेकरांची आई झाल्यावर बावळट झाले. हा शोध ज्या बाईनं माझ्या घशातून ओढून बाहेर काढला ती माझी धाकटी नणंद. वैनगंगेपासून वर्धेपर्यंतच्या मुलखात तिच्याइतकी संतापी बाई दुसरी जन्मली नाही, आणि जन्मली असेलच तर हिच्या धाकानं गप्प बसली असेल.

ती एसटीत कंडक्टर होती, उमरेड-नागपूर गाडीवर. ठेंगणी, खाकी कपड्यांतली, आणि कपाळावर आठ्या अशा की टिकली लावायला सपाट जागा सापडायची नाही. एकदा भर गाडीत एका धोतरवाल्यानं बिडी पेटवली. हिनं सांगितलं, विझव. तो म्हणाला, "बाई, शेवटचा झुरका." हिनं तिथंच घंटी मारून गाडी थांबवली. "उतर गा. तुहा झुरका इथं रस्त्यावर आरामात संपव, अन् मांगच्या गाडीनं ये." तो उतरलाही. उतरून त्यानं हिला नमस्कार केल्याचं ड्रायव्हर शपथेवर सांगायचा. रागवायला तिला माणूसच लागायचा असं नाही. नागपुरात सक्करदऱ्याला आमचं घर; तिथल्या स्वयंपाकघरात उभी राहून ती कुकरवर डाफरायची, "मार नं शिट्टी, कोणाची वाट पाहून राहिला?" आणि खोटं नाही सांगत, कुकर घाबरून शिट्टी मारायचा.

मला दमा निघाला तो एका दिवाळीच्या सफाईत, माळ्यावरच्या गाद्या झटकताना. छातीत मांजर बसल्यासारखा आवाज यायला लागला. नणंद मला धंतोलीतल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भले होते, पण बाहेर अख्ख्या विदर्भातून आलेली माणसं खोकत बसलेली, म्हणून घाईत होते. त्यांनी दोन पंप दिले. एक रोजचा, बरं वाटो न वाटो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. दुसरा निळा, दम लागला तरच. कसा घ्यायचा ते एकदा दाखवलं आणि विचारलं, "समजलं?" त्या काळची मी सगळ्यांनाच 'समजलं' म्हणायची. सासूबाईंना, गॅसवाल्याला, शाळेच्या हेडमास्तरांना. पण नणंद खुर्चीवरून उठेना. "डॉक्टरसाहेब, तुम्ही दाखवलं. आता हिले करून दाखवू द्या. गाडी कुठं चालली हे ड्रायव्हरले एकट्याले समजून काय फायदा?" मी पंप दाबला, मग विचार केला, मग श्वास घेतला. औषधाचा ढग निवांतपणे डॉक्टरांच्या चष्म्यावर जाऊन बसला. डॉक्टरांनी चष्मा पुसला, मला तीनदा करायला लावलं, आणि पंपाला जोडायला एक फुगीर प्लॅस्टिकचा नळा लिहून दिला, म्हणजे औषध तोंडात न सांडता छातीत उतरतं.

घरी आल्यावर शिकवणी तिनं हातात घेतली. आजवर पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण पंप तिच्यासारखा कुणी समजावला नाही. "आंधी हलव, मंग छातीतला श्वास पुरा सोड. उतरनारे उतरल्याबिगर चढनारे चढत नाई. आता ओठ घट्ट मीट. दार लागल्याबिगर डबल बेल नाई. अन् बेल अन् गाडी संगंच! तू बेल मारतं अन् गाडी मंग काढतं, तोवर पॅसेंजर फलाटावरच राहतो नं वं वयनी! अन् हळू, घाटातून चालल्यावानी." मग श्वास धरून ठेवायचा, तो बोटं मोजून नाही. ती तिच्या रस्त्यावरचे थांबे पुकारायची, एकेक सावकाश. दिघोरी... विहीरगाव... पाचगाव... चांपा... उदासा... उमरेड. उमरेड आलं की सोडायचा. माझा श्वास दर वेळी पाचगावालाच सुटायचा. आणि ती कंबरेवर हात ठेवून ओरडायची, "उतरली मधातच! काय काम होतं तुहं पाचगावात? कोण बसून राहिलं तिथं तुहं?"

रोजच्या पंपानंतर गुळणी करून थुंकायची असते; मी तर ते पाणी औषध म्हणून आठवडाभर गिळत होते. वाया कशाला घालवायचं! जिभेवर पांढरे डाग आले तेव्हा तिनं मला मोरीपाशी उभं करून शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं थुंकायला शिकवलं. समोरच्यांनी त्यांच्या मुलासाठी माझा निळा पंप मागितला आणि मी भिडस्तपणे द्यायला निघाले, तेव्हा तिनं माझ्या हातातून तो हिसकला. "उद्या कवळी मागतली तर कवळी देशील? पोराले डॉक्टरकडे न्या म्हन त्याइले. चाल, मीच सांगतो." आणि सांगून आली, आणि रिक्षाही करून दिली.

पण राग मला यायला हवा होता तो भिशीतल्या बायकांचा. "पंपाची सवय लागते हो." "एकदा पंप लागला की शेवटपर्यंत सुटत नाही." "पंप म्हणजे शेवटचाच उपाय." सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि एकीलाही दम लागलेला नाही! नणंद एकदा त्यांच्यात बसली होती. सवयीचं वाक्य बोलणाऱ्या बाईकडे तिनं पाहिलं आणि विचारलं, "तुमाले पोयी-भाताची सवय नाई लागली का वं काकू? पन्नास वर्सांपासून रोज खाऊन राहिल्या." काकू पुढच्या भिशीला आल्या नाहीत. मी मात्र काय केलं? मी मान डोलावली. बायका यायच्या असल्या की दोन्ही पंप तांदळाच्या डब्यात लपवायचे. त्या बायकांवर आज मी रागावत नाही, त्या अडाणीपणानं बोलत होत्या. राग येतो तो डब्याचं झाकण लावणाऱ्या त्या शहाणीचा. समोर आली तर कानफटात देईन. फक्त हातही माझाच आणि गालही माझाच.

मी रोजचा पंप टाळते असा नणंदेला संशय आला, तशी तिनं तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना चिमटा आणून दिला, आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर महिन्याचे चौकोन आखून दिले. पंप घेतला की त्या दिवसाच्या चौकोनात भोक. आठवड्याच्या सुट्टीला ती यायची आणि कागद उजेडात धरून तपासायची, जशी गाडीत तिकिटं तपासतात.

श्रावण लागला. सोमवारचा उपास, मंगळवारचा, गुरुवारचा, शनिवारचा. पंप तोंडात धरायचा म्हणजे तोंड उष्टं होणार, ही त्या थोर शोधाची पहिली पायरी. मग उरलेल्या दिवसांनी काय घोडं मारलं होतं? छाती मोकळी होती, शिट्टी वाजत नव्हती, औषध कशाला? छाती त्या औषधामुळेच मोकळी होती हे समजायला अक्कल लागते, आणि ती मी डब्यात तांदळाखाली ठेवली होती. प्रश्न उरला भोकांचा; जादा गाड्यांमुळे नणंदेच्या सुट्ट्या तेव्हा रद्द होत्या, पण कधी ना कधी ती कागद मागणारच. तो मी चुटकीसरशी सोडवला. कागदाची मधोमध घडी घातली आणि चिमटा मारत सुटले. एका दाबात दोन भोकं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी शिरा केला होता.

हरतालिकेच्या दिवशी सकाळपासूनच छातीत मांजर बसलं होतं. दुपारी पूजेला वाळूची पिंड केली, धूप घातला, कापूर लावला, आणि मांजराचा वाघ झाला. निळा पंप समोरच्या फळीवर होता, हात लांबवला तर मिळेल इतका. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, उद्या सकाळपर्यंत कळ काढू. हे वाक्य आजही आठवलं की माझ्या कानशिलाची शीर उडते. कळ काढू! दुखरा दात होता का तो?

दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत नणंद पूजेसाठी काकड्या घेऊन आली. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझे खांदे वर-खाली होत होते.

"पंप घेतला?"

"उपास," मी म्हटलं. यापेक्षा मोठा शब्द निघेना.

"कोनासाठी?"

"तुझ्या... भावासाठी."

पिशवी खाली पडली, काकड्या घरंगळत पलंगाखाली गेल्या. "माह्या भावाचं आयुष्य वाढवून राहिली तू? शंभर वर्सं जगन तो, अन् चहा कोन करून देईन त्याले? त्याले साखरेचा डबा सापडत नाई वं घरात!" हे बोलता बोलता तिनं धूप पाण्यात विझवला, खिडक्या उघडल्या, मी आडवी व्हायला बघत होते तर मला ताठ बसवलं, नळ्याला निळा पंप लावला आणि माझ्या तोंडात दिला. एक दाब, थोडा दम, पुन्हा एक. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते तेवढे पुरे केले. दम उतरेना. ओठांना रंग राहिला नव्हता म्हणे. तिनं वाट पाहिली नाही. रिक्षात मला मिठीत धरून बसवलं आणि रिक्षाच्या दांडीवर मूठ आपटून डबल बेल दिली. सक्करदऱ्यापासून धंतोलीपर्यंत तिनं ज्या ज्या वाहनाला जे जे ऐकवलं, त्यातलं एक अक्षर इथं लिहिण्यासारखं नाही. तिची तीनची गाडी चुकली. आगारातून मेमो आला, खुलासा मागितला. तिनं एका ओळीत दिला: "वहिनीचा श्वास अडकला होता, गाडी नंतरही मिळते."

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा मी ओरडा खायला तयार होऊन पडले होते. ती ओरडली नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ती येई, नर्सवर खेकसे, सलाईनच्या स्टँडवर खेकसे, माझ्याशी बोलेना. मला जी भीती धाप लागताना वाटली नव्हती ती तेव्हा वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून तो लग्नपत्रिकेचा कागद काढला. घरून आणला होता. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला. अर्धी भोकं आरशातल्यासारखी अर्ध्यांसमोर उभी होती. आणि उद्याच्या चौकोनात भोक होतं. परवाच्या चौकोनात होतं. तेरवाच्याही.

"उद्याचा श्वास आजच घेऊन ठेवला का वं?" ती हळू म्हणाली. मी पंचवीस वर्षांत तिला हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तिनं कागदाची घडी घातली आणि मामाजींचं काढलं. तिचे वडील, माझे सासरे, उमरेडच्या कोळशाच्या खाणीत होते. ते धाप लागून गेले त्या दिवशी उशीखाली पंप निघाला होता. सील न तोडलेला. लोक काय म्हणतील, म्हणून. उशी हिनं उचलली होती, तेव्हा ती कॉलेजात होती. आणि हे मला माहीत होतं! ती चादर मी धुतली होती, त्या घरात मी होते, आणि तरी तांदळाचा डबा उघडून पंप लपवणारी मीच. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

डॉक्टर फेरीला आले आणि म्हणाले, आता घरी जा, पण आधी पंप घेऊन दाखवा. रोजचा. नणंदेनं नळा जोडून माझ्या हातात दिला. मी हलवला, श्वास पुरा सोडला, ओठ मिटले, दाबला, घाटातून चालल्यासारखा सावकाश ओढला, आणि धरला. तिनं कॉटच्या कडेवर बोटानं हळूच दोन टिचक्या मारल्या आणि पुकारायला लागली. दिघोरी. विहीरगाव. पाचगाव. आणि तिथं मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की श्वास कुठला राहतो, तो सुटला. मी डोळे मिटून ओरड्याची वाट पाहिली. पहिल्यांदाच तिच्या कपाळावर एकही आठी नव्हती, असं डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. मला फक्त तिचा हात कळला, माझ्या पाठीवर, आणि आवाज:

"उतरू नको वं वयनी मधातच. उमरेड यायचं हाय अजून."