कॅसेटची दुसरी बाजू

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही—आणि तिच्यापासून माझं बाकी काहीच लपत नाही.

ऐंशीनंतरच्या वर्षांत नाशकात शालिमारजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. आणि खरं सांगू? मला गाण्यांपेक्षा त्या याद्यांचं वेड. कुणाचं जमलंय, कुणाचं फिसकटलंय, कुणाचा नवरा दुबईला गेलाय—यादीवरून ओळखायचो. बहुतेकदा बरोबर निघायचं. भोचकपणाच तो, पण मी त्याला माणसांची पारख म्हणायचो.

विलास माझा मित्र. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा—तेव्हाच्या नाशकात असा माणूस वेडाच ठरायचा. मीना नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता. तिनं त्याला नाही म्हटलं, घरच्यांपुढे तिचं काही चाललं नाही, आणि हा वर्षभर पार खचला. मग दोन दोस्तांना घेऊन त्यानं सहा रॉक गाणी केली, चक्क मराठीत. एका रविवारी दुपारी शटर ओढून माझ्याच दुकानात आम्ही ती रेकॉर्ड केली. पहिल्या बाजूला तीन—नुसता आक्रोश. दुसऱ्या बाजूला तीन—हळूहळू उठून बसणाऱ्या माणसाची. त्यात चहाला पुन्हा चव आल्याचं एक गाणं होतं, ते मला फार आवडायचं.

मीनाचं लासलगावला ठरलं. लग्नाआधी ती काही गाणी भरून घ्यायला दुकानात येणार होती. विलास म्हणाला, "तिला आपली एक कॉपी दे. आणि सांग, दुसरी बाजू आधी ऐक."

मी कॉपी केली. पहिल्याच बाजूची. दुसरी कोरी ठेवली, आणि निरोपही दिला नाही.

का? विलासचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. मीनावर माझा डोळा होता म्हणावं, तर तेही नाही—तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मला फक्त बघायचं होतं. एवढं दुःख ऐकून माणूस काय करतं? लग्न मोडेल? धावत येईल? आठवड्याभरात विचारायला येईलच, तेव्हा दुसरी बाजू देऊ—असा माझा बेत. वर नेहमीच्या सवयीनं कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या मोडून दिल्या, म्हणजे तिच्यावर कुणी चुकून दुसरं काही भरू नये.

ती आली नाही. लग्न झालं. विलासनं विचारलं, दिलीस ना? मी म्हटलं, दिली.

पाच-सहा वर्षांनी ती आली, मुलीसाठी बडबडगीतं भरून घ्यायला. विलासचं तोवर लग्न झालं होतं, मजेत होता. यादी माझ्या हातात देऊन ती घुटमळली.

"दादा, विलास सावरला का हो?"

मी यादीच वाचत राहिलो.

"ती कॅसेट अजून लावते मी. दर वेळी मागची बाजूपण लावते, पार संपेपर्यंत. वाटतं, शेवटी तरी काही बोलला असेल."

अर्धा तास नुसती खरखर ऐकत बसायची ही बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूळ कॅसेट माझ्या पाठीमागच्या फळीवर होती, हात मागे नेला की लागेल अशी. पण ती काढायची म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार—नाही का?

"आता त्याची-माझी गाठ पडत नाही," मी म्हणालो. "आणि दुसरी बाजू कोरीच होती, ताई."

ती बरं म्हणाली. मुलीचा हात धरून पायऱ्या उतरली.

मग मी ती मूळ कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूला, गाणं सुरू व्हायच्या आधी, विलास दोन वाक्यं बोलतो. रेकॉर्डचं बटण मीच दाबलं होतं, त्यामुळे ती मला पहिल्यापासून ठाऊक होती.

"मीना, मी बरा आहे गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."