पुस्तकातल्या काकूशी भांडणाऱ्या बाई

पुस्तकबाई नसत्या तर हे चार शब्द मी लिहूच शकले नसते, म्हणून आधी त्यांचं नाव. आडनाव वेगळं होतं, पण नागपूरच्या इतवारीत त्यांना सगळे पुस्तकबाईच म्हणत. पुस्तकातल्या माणसांशी तोंडावर भांडणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. वाचता वाचता थांबत, पानावर बोट रोखत आणि म्हणत, "काहून वं, त्या पोरीले शिळं वाढून राहिली? तुझी पोरं खातात काय शिळं?"

सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसणाऱ्या आम्ही आठ बायका. भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत दुपारी वर्ग भरे. खाली पितळेची ठोकाठोक, वर बाईंचा त्याहून मोठा आवाज. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली; त्यांच्या 'मले-तुले'त माझं 'मला-तुला' ऐकून सगळ्या हसत. माझी चौथी झालीय, असं मी बाईंना सांगितलं होतं. खरं तर शाळा दुसरीतच सुटली होती. जोडाक्षर दिसलं की माझी गाडी अडे. कळलं तर वर्गातून नाव कमी करतील, आणि घराबाहेर पडायचं एवढं एक निमित्त जाईल, ही धास्ती.

बाईंनी धड्यांच्या आधी मुलांची एक कादंबरी काढली, सगुणी नावाच्या अनाथ पोरीची. प्रत एकच. म्हणून पाळ्या लावल्या: एकीनं पुस्तक घरी न्यायचं, एक प्रकरण वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं. मग चर्चा. तिथं बाईंचा कायदा कडक. सगुणीची बाजू कोणीही घेईल, तुम्ही तिच्या दुष्ट काकूच्या बाजूनं बोला. "तिच्या चुलीपाशी बसून पाहा, मग नावं ठेवा." यमुनाताई एकदा काकू होऊन इतक्या रंगल्या की बाईंवरच उखडल्या, "तीन पोरं माझी, चौथी तुम्ही घेऊन जा ना!"

माझी पाळी आली. पहिलं पान कसंबसं लागलं. काकूनं सगुणीपुढचं ताट उचललं. पुढं अक्षरांची नुसती गर्दी. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि घाबरून मनचंच सांगितलं: शेजारणीनं सगुणीला हाक मारली, गरम भाकरी वाढली, वरणावर तूप घातलं, अंगावर गोधडी टाकली. वर्ग खूश. यमुनाताईंनी तर डोळे पुसले.

पुढची पाळी त्यांचीच. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक आपटतच आल्या. "बाप्पा! हे पोरगी तर दोन दिवसांची उपाशी घर सोडून निघाली! काल तूप-भाकर खाऊन निजली होती ना वं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. बाईंनी हळूच विचारलं, "तू काहून जेवू घातलं तिले?"

"भूक लागली होती तिला," मी म्हणाले, आणि रडत रडत दुसरीत शाळा सुटल्याचं सगळं सांगून टाकलं.

बाई खांदे हलवून हसल्या. "मले कालच समजलं होतं. पण साऱ्या इतक्या आनंदात होत्या, म्हटलं खाऊ दे पोरीले एक दिवस." मग वर्गाकडं वळल्या. "आता सांगा, सगुणी खरंच जेवली असती, तर घर सोडून निघाली असती काय?" त्यावर जी जुंपली, ती दिवे लागेपर्यंत. माझं नाव कमी करायचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून अर्धा तास आधी ये."

तेच प्रकरण आम्ही दोघींनी कितीतरी दिवस वाचलं. मग एका दुपारी मी ते सगळ्यांपुढं वाचलं. एकही अक्षर अडलं नाही. यमुनाताई सुस्कारा सोडून म्हणाल्या, "आता निजली बिचारी खरी उपाशी."

सातवी मी दुसऱ्या खेपेला पास झाले. पुढं यांची बदली झाली आणि नागपूर सुटलं.

परवा बाईंच्या भाचीचं पत्र आलं. बाईंना आता दिसत नाही. दिवसभर खाटेवर बसून असतात. बाई, माझी मुलं लहान आहेत, लगेच निघता येणार नाही. पण एकदा येईन, महिनाभर राहीन, आणि तुम्ही म्हणाल ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीन. तेवढं मला करू द्या.