टॉर्किलची ओळ

१९९० साली ग्लासगो युरोपची संस्कृतिनगरी झाली, आणि आपल्याकडे संस्कृती आहे हे आम्हा स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या लोकांना तिथून कळवण्यात आलं. माझा शेजारी टॉर्किल मॅकॉले तोवर मुकाट मागावर लोकरीचं ट्वीड कापड विणत होता आणि रविवारी चर्चमध्ये ओळ सोडत होता.

आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही. एक जण आमच्या गेलिक भाषेतल्या स्तोत्राची ओळ सोडतो, बाकीचे ती उचलतात, ज्याच्या त्याच्या गळ्याने, लाटेवर लाट यावी तशी. टॉर्किल तरुणपणापासून ओळ सोडायचा. मूलबाळ नाही, बायको लवकर गेली. माणसाजवळ होतं काय, तर ती जागा.

ग्लासगोच्या सभागृहाचं बोलावणं आलं. चर्चचा कारभार पाहणारा एव्हँडर मॉरिसन म्हणाला, "जा की. पण ती देवाची स्तुती आहे, नाटक नव्हे." टॉर्किलने आयोजकांना बजावलं, टाळ्या नकोत. त्यांनी तसं जाहीरही केलं. ओळ उचलायला आम्ही काही गावकरी सोबत होतो. स्तोत्र संपलं आणि लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. गर्दीला कुठली अक्कल?

टॉर्किल भांबावला. आम्ही गातो बसून, प्रार्थना करतो उभ्याने. तिथे त्याला उभं राहून गायला लावलेलं. त्याने मान खाली घातली आणि देवाची क्षमा मागितली. नेमका तोच फोटो पेपरात. खाली छापलेलं: रसिकांना अभिवादन.

दुकानात एव्हँडरने त्याला गाठलं. "वाकलास ना टाळ्यांना?"

"प्रार्थना करत होतो, बाबा."

"फोटोत तर तसं दिसत नाही."

मी म्हटलं, "फोटोत देव कधीपासून दिसायला लागला रे?"

"बाई, तुमचं शहाणपण शाळेत."

"शाळेत तू माझ्याच हाताखाली होतास. तेव्हाही डोक्यात दलदलीतली पीट मातीच भरलेली. ती निदान वाळवून चुलीत जळते तरी."

दुकान हसलं. मला वाटलं, मिटलं.

रविवारी टॉर्किलने ओळ सोडली. कोणी उचलली नाही. ग्लासगोला सोबत आलेल्यांनीसुद्धा नाही. मी उचलली, पण माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी, दुसऱ्याच शब्दाला फाटला. टॉर्किलने तीच ओळ पुन्हा सोडली. बाकांवर कोणी खोकलंही नाही. मग तो उठला आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसला. एव्हँडरने बेसूर ओळ सोडली, आणि सगळं चर्च गरजलं.

पुढे कितीतरी वर्षं टॉर्किल त्या मागच्या बाकावर तोंड मिटून बसला. आधी मागाच्या खटखटीत त्याचं गुणगुणणं भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. नंतर नुसती खटखट.

तो गेला तेव्हा ओळ एव्हँडरनेच सोडली. गावाने अशी उचलली की काचा थरथरल्या. कबरीपाशी एव्हँडर डोळे पुसत म्हणाला, "काय गळा होता, बाई! असा पुन्हा व्हायचा नाही."

"मग वाजव टाळ्या," मी म्हटलं, आणि घरी आले.