चहाच्या डब्यांतले तरंगमापक

लेखन हा माझा प्रांत नव्हे. उतारवयात लेखणी हाती धरण्याचे हे धाडस वाचकांनी क्षम्य मानावे. जे सांगणार आहे, ते मी पत्नीलाही कधी सांगितलेले नाही.

संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा मी ग्वाल्हेरच्या एका तंत्रशाळेत प्रयोगशाळा-सहायक होतो. वामनराव माझ्याबरोबरच लागलेले. बिनतारी लहरींची लांबी मोजणारे विलायती यंत्र आमच्याकडे एकच — काचेच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. विद्यार्थ्यांनी ते दुरून पाहायचे. वामनरावांना हे सोसवेना. चहाच्या रिकाम्या डब्यांत मोडक्या रेडिओंचे भाग बसवून त्यांनी सहा तरंगमापक केले. लहर जुळली की डब्यावरचा इवलासा दिवा लागे — कुठेही तार न जोडता. तबकड्यांवरच्या खुणा त्यांनी माझ्यादेखत विलायती यंत्राशी ताडून केल्या होत्या.

त्या दिवसांत खाती एकत्र होत होती; कोणाला ठेवायचे, कोणाला हलवायचे, हे ठरत होते. डबे मंजूर झाले असते, तर वामनराव ग्वाल्हेरातच, त्याच कामावर राहिले असते.

खंडेनवमीला घरोघरी तलवारी पुजल्या जात. आम्ही प्रयोगशाळेतली यंत्रे पुजत असू. त्या सकाळी पाटावर मांडताना ते विलायती यंत्र माझ्या हातून — कसे सांगू? — निसटले. काच शाबूत राहिली. आतल्या पट्ट्या मात्र सरकल्या असाव्यात. जवळ कोणी नव्हते. मी ते पुसले, हळदकुंकू वाहिले — आणि गप्प राहिलो.

पुढे तपासणीला इंदूरचे साहेब आले. सहाही डबे एकच आकडा दाखवीत होते, विलायती यंत्र दुसराच.

"सब के सब गलत," साहेब हसले. "वामनरावजी, इनमें चाय ही रखिए. विलायती मीटर झूठ बोलेगा क्या?"

वामनराव माझ्याकडे वळले. "नाना, ताडताना तू होतास ना? सांग ना साहेबांना, तेव्हा बरोब्बर मिळालं होतं."

मी काय म्हणालो? — "बघावं लागेल." एवढेच. माझ्याही जागेचा निर्णय व्हायचा होता. पण ते कारण म्हणून सांगत नाही.

डबे मोडीत निघाले. वामनरावांना दूरच्या एका सरकारी गोदामात धाडले. तिथे त्यांनी पुन्हा कधी रेडिओ उघडला नाही. जाताना मोडीतून वाचवलेला एक डबा माझ्या हाती दिला — "पोरांना निदान आतून दाखव." आज ते नाहीत.

त्यांची मुलगी इथेच, ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजाराजवळ राहते. मला काका म्हणते. परवा माझ्या फळीवरचा डबा पाहून ती हसली. "काका, बाबांचं गलत निघालेलं ते हेच ना?"

मी मान हलवली. — होय, परवासुद्धा.

दसऱ्याला ती सोने द्यायला येईल. तेव्हा तरी मी तोंड उघडीन, असे आपल्याला वाटते का?